जीप, पाळणा आणि दिल्लीचे बाजार

दिल्लीला समुद्र नाही म्हणून मुंबईकर नाक मुरडतात आणि डोंगर नाही म्हणून पुणेकर. पण दिल्लीकरांकडे एक वेगळीच दौलत आहे. रात्रीचे जेवण उरकून गाडीत बसले, की उजाडता उजाडता दुसऱ्याच जगात पोचता येते. उत्तरेला डेहराडून, पूर्वेला रामनगर आणि कॉर्बेटचे जंगल, नैर्ऋत्येला जयपूर. सगळे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून पुढे हिमालय तरी वर चढत जातो, नाहीतर वाळवंट पसरत जाते. त्यामुळे दिल्ली, गुडगाव, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात, ज्याला सगळे एनसीआर म्हणतात, जीपचे वेड घरोघरी सापडते. आठवडाभर कचेरीत बसणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी एकदम गिर्यारोहक होतो.

आमच्या गुडगावात तर या वेडाला माहेरचा आधार आहे. सरकारदरबारी २०१६ पासून त्याचे नाव गुरुग्राम झाले, पण जिभेवर गुडगावच आहे. जुन्या पालम रस्त्यावरच्या मारुतीच्या कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी बाहेर पडली. हलकी, काटक, चारही चाकांना जोर देणारी. लष्कराने ती घेतली, पोलिसांनी घेतली, आणि आपल्या ताडोबाला जाऊन वाघ पाहिलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे मोठे इंजिन मिळाले. पुढे २०१९ मध्ये एबीएस, एअरबॅग आणि धडक-चाचणीचे नवे नियम आले. जुन्या बांध्याची जिप्सी त्यात बसणारी नव्हती. त्याच सुमारास सामान्य गिऱ्हाइकांसाठी तिची विक्री थांबली.

अशीच एक २०१७ सालची पांढरी जिप्सी आमच्या घरी होती. आमच्या लग्नाच्या आधीपासून ती ह्यांच्याकडे, म्हणजे नात्याने माझी सवतच म्हणायची. पण सवतीशी माझे चांगले जमले होते. चक्राता, लॅन्सडाऊन, सरिस्का सारे तिच्यातूनच पाहिले.

एका कागदाच्या दोन बाजू

घरात पाळणा हलणार हे कळले आणि महिन्याभरात ह्यांनी एक यादी केली. जिप्सी तीन इंच उंच करणारे लिफ्ट किट, चिखलात चालणारे जाड टायर, पुढे लोखंडी गार्ड, त्यावर विंच, टपावर दिव्यांची पट्टी. ‘‘बाळाला घेऊन स्पितीला जायचं, तर गाडी दणकट नको का?’’ हा त्यांचा सवाल. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला माझी यादी होती. झबली, टोपडी, दुपटी, मेणकापड, पाळण्याच्या दोऱ्या.

सहाव्या महिन्यात आई नाशिकहून पंजाब मेलने आली. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ही आपली रीत, पण इथले डॉक्टर, इथली नोकरी यांचा विचार करून माहेरच दिल्लीला आले. आईने कागद दोन्ही बाजूंनी वाचला, खाली जाऊन जिप्सीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, ‘‘जावईबापू, सगळं छान आहे. पण यात बाळ बसणार कुठे?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर सोपे नव्हते. जिप्सीत मागच्या बाजूला दोन लांब बाके असतात. माणसे एकमेकांसमोर, म्हणजे प्रवासाच्या दिशेला आडवी बसतात. जंगलात वाघ बघायला ही सोय उत्तम. पण बाळाच्या खुर्चीचे तोंड गाडीच्या पुढे किंवा मागे असावे लागते. आडव्या बाकावर ती नीट बसत नाही. आणि या गाडीत एअरबॅग नाहीत.

मग या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही दिल्लीचे तीन बाजार पालथे घातले. डॉक्टरांनी मला खड्ड्यांच्या रस्त्यावर जीपमधून जायला बंदी केली होती, आणि साध्या रस्त्यावरही पट्टा लावायची पद्धत शिकवली होती. कमरेचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर घट्ट. खांद्याचा पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. पोटावरून पट्टा कधीही न्यायचा नाही आणि ‘पोट दाबेल’ म्हणून तो सोडायचाही नाही. बाजारांसाठी मात्र मी मेट्रोच पसंत केली. पिवळी लाईन गुडगावहून थेट काश्मिरी गेटला नेते, आणि पहिला डबा बायकांचा.

काश्मिरी गेट: गाडीचे आतडे-कातडे

स्टेशनातून वर आले, की थोड्या अंतरावर तो दोन कमानींचा जुना दरवाजा उभा आहे. १८३५ मध्ये इंग्रजांनी तो नव्याने बांधला. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौज याच बाजूने दिल्लीत शिरली. तोफगोळ्यांच्या खुणा दगडात अजून दिसतात. आणि या इतिहासाला पाठ लावून देशातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार भरलेला असतो. एका दुकानात फक्त बेअरिंगे, दुसऱ्यात फक्त काचा, तिसऱ्यात नुसते रबरी पाईप. मधून हातगाड्या, डोक्यावर सायलेन्सर घेतलेले हमाल आणि चहाची किटली नाचवणारी पोरे.

आपण ज्यांना पाटे म्हणतो त्यांना इथे कमानी म्हणतात. जिप्सीच्या चारही चाकांवर हे पोलादी पाटेच असतात, आणि म्हणूनच ती ओझे सहन करते पण माणसाला उडवते. एका वयस्क सरदारजींनी ह्यांची यादी शांतपणे ऐकली आणि गाडी कशासाठी वापरता असे विचारले. माझ्याकडे पाहून उत्तर त्यांना आपोआपच मिळाले. मग त्यांनी धंद्याच्या विरुद्ध जाणारा सल्ला दिला. गाडी तीन इंच वर उचलली, की तिचा तोल वर जातो आणि वळणावर कलंडण्याची भीती वाढते. जाड टायर वजनदार असतात. ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि थांबवायला ब्रेकला त्याहून जास्त. वेगाचा काटाही मग खोटे बोलू लागतो. अर्धा दिवस बोलून त्यांनी आम्हाला विकले काय, तर पुढचे ब्रेक पॅड, मागचे ब्रेक शू आणि पाट्यांचे रबरी बुश. दणकट गाडी म्हणजे उंच गाडी नव्हे, वेळेवर थांबणारी गाडी, हे मी तिथे शिकले.

करोल बाग: दोन तासांत सीट

करोल बाग हा नटव्या गाड्यांचा बाजार. इथे सीटची कव्हरे, रंगीत दिवे, भोंगे, पडदे सगळे रस्त्यावरच बसवून मिळते. आमचा प्रश्न ऐकताच एका दुकानदाराने चुटकी वाजवली. आडवी बाके काढायची, एका जुन्या मोटारीचे मागचे सीट आणायचे, जिप्सीच्या पत्र्याला भोके पाडून बोल्टने आवळायचे. झाले पुढे तोंड करून सीट! दोन तासांचे काम.

ऐकायला छान वाटते. पण दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. समोरच्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते, कारण पायी चालणाऱ्याला तो घातक ठरतो आणि पुढच्या एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो.

दुसरी अडचण कायद्याहून मोठी आहे. ती पदार्थविज्ञानाची. समजा, ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी पाच किलोच्या बाळाला धरून ठेवायला जी ताकद लागते, ती साधारण सत्तर किलोचे ओझे पेलण्याइतकी असते. म्हणजे बाळ मांडीवर घट्ट धरले आहे, हा आपला समज फोल आहे. जगातली कोणतीही आई तेवढे धरून ठेवू शकत नाही. आणि पत्र्यात भोक पाडून आवळलेला बोल्ट धरून ठेवील की नाही, याची चाचणी कोणीच घेतलेली नसते. कारखान्यातले सीट त्या ताकदीसाठी बनवून तपासलेले असते. करोल बागेतले सीट फक्त बसून पाहिलेले असते.

मायापुरी: वस्तूचा पूर्वेतिहास

पश्चिम दिल्लीतली मायापुरी म्हणजे गाड्यांचे स्मशान आणि प्रसूतिगृह दोन्ही. इथे जुन्या गाड्या सुट्या होतात आणि त्यांची इंजिने, दारे, चाके दुसऱ्या गाड्यांत नवा जन्म घेतात. ह्यांना इथून सुस्थितीतले टायरचे रिम हवे होते. मी जाऊ नये असे ठरले, आणि त्याला कारण होते.

२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले वर्षानुवर्षे पडून असलेले एक किरणोत्सारी यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. ते मायापुरीत आले. आत कोबाल्ट-६० आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. यंत्र फोडले गेले, कितीतरी जण आजारी पडले आणि एका कामगाराला जीव गमवावा लागला. त्यानंतर तो सारा भाग तपासून स्वच्छ केला गेला. आज तिथे रोज हजारो माणसे काम करतात. पण ‘वस्तू कुठून आली, तिचे आधी काय झाले’ हे न विचारता घेण्याची किंमत काय असते, ते मायापुरीने साऱ्या देशाला शिकवले.

बाळाच्या खुर्चीलाही हाच नियम लागू आहे. बरी दिसणारी जुनी खुर्ची एखाद्या अपघातातून गेलेली असू शकते. प्लॅस्टिकच्या आतली भेग डोळ्यांना दिसत नाही. झबली-टोपडी जरूर जुनी घ्यावीत, आपल्याकडे तर ती लाभतात असे म्हणतात. खुर्ची मात्र नवी घ्यावी, किंवा जिचा सगळा इतिहास ठाऊक आहे अशी घरातली.

उलट्या तोंडाची खुर्ची

नवजात बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असते, आणि मान अगदी कोवळी. गाडी अचानक थांबली, तर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे जड डोके पुढे फेकले जाते. तेच बाळ मागे तोंड करून बसलेले असेल, तर सारा धक्का खुर्चीची पाठ झेलते. म्हणून तान्ह्या बाळाची खुर्ची नेहमी उलट्या तोंडाची असावी. युरोपच्या नव्या नियमात पंधरा महिन्यांपर्यंत ती सक्तीची आहे, आणि खुर्चीच्या मापात बसते तोवर त्याच्या पुढेही तशीच ठेवावी असे तज्ज्ञ सांगतात. चालू एअरबॅगच्या समोर मात्र ही खुर्ची कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडण्याचा तडाखा बाळाच्या जिवावर बेतू शकतो. तिची जागा मागच्या सीटवर.

ही खुर्ची गाडीला जोडायची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे आयसोफिक्स. मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात, तिथे बोटे घालून पाहिले तर दोन पोलादी कड्या लागतात. खुर्चीचे दोन हात त्यात ‘खट्’ करून बसतात. आपल्याकडेही १ सप्टेंबर २०१९ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बाळखुर्चीविना नेल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा तो सत्तर किलोचा हिशोब लक्षात ठेवलेला बरा.

आणखी एक गोष्ट आईच्या नजरेने टिपली. ‘‘यात बाळ झोपून जाईल, मग मान खाली पडायची,’’ ती म्हणाली. डॉक्टरांनी तिला दुजोरा दिला. तान्ह्याची हनुवटी छातीला टेकली, तर श्वास अडू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यांत प्रवास थोडा-थोडाच करावा, शेजारी मोठे माणूस बसावे, तासाभराने थांबून बाळाला बाहेर काढावे आणि घरी आल्यावर खुर्चीत झोपू देऊ नये. खुर्ची प्रवासासाठी, पाळणा झोपेसाठी.

गुडगावची की नाशिकची?

तिन्ही बाजारांनी मिळून एकच उत्तर दिले होते. जिप्सीवर काहीही चढवले, तरी तिच्यात बाळाला जागा होणार नव्हती. तेव्हा जिप्सी द्यायची आणि आजच्या नियमांत बसणारी पाच दारांची जीप घ्यायची, असे ठरले. ह्यांनी ते दोन दिवस न जेवता ठरवले, हे नमूद केले पाहिजे.

समोर दोन गाड्या होत्या. जून २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी. ती गुडगावची, जिप्सीची थेट वारसदार, पेट्रोलवर चालणारी आणि चारही चाकांना जोर असणारी. दुसरी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली थार रॉक्स. ती नाशिकच्या कारखान्यातली. आईचा कौल कुणीकडे असणार हे सांगायला नकोच. ‘‘माहेरची आहे,’’ एवढेच ती म्हणाली.

दोन्हींत आयसोफिक्स, दोन्हींत सहा एअरबॅगा, दोन्हींत पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंग. आम्ही खुर्ची आधी घेतली आणि ती बगलेत मारून दोन्ही शोरूममध्ये गेलो. नवे आईबाबा होणाऱ्या प्रत्येकाने हेच करावे. उलट्या तोंडाची खुर्ची किती जागा खाते, हे कागदावर कळत नाही. जिम्नीत खुर्ची बसली, पण पुढच्या माणसाचे गुडघे आखडले, आणि चौघांची गाडी आमच्या चौघांतच भरून गेली. रॉक्समध्ये खुर्चीशेजारी आई ऐसपैस बसली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत या गाडीला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले होते, हेही पाहिले.

पण इथे खरी गाठ पडली. रॉक्स बाजारात आली तेव्हा तिचा चारही चाकांचा जोर फक्त डिझेलमध्ये होता. आणि दिल्ली परिसरात डिझेलची गाडी घेणे म्हणजे मुदत मोजत घेणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना इथे मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात गेला, तेव्हा गाडी घेताना ताजा नियम परिवहन खात्याकडून पाहूनच घ्यावा. शिवाय थंडीत हवा बिघडली, की जुन्या डिझेल गाड्या आधी थांबवल्या जातात. ज्या शहरात बाळाचे पहिले श्वास जाणार, तिथल्या हवेत आपल्या घरचा धूर किती मिसळायचा, हाही प्रश्न होताच.

मी काही बोलले नाही. ह्यांनीच डॉक्टरांना स्पितीबद्दल विचारले. काझा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच. तान्ह्या बाळाला तिथे नेऊ नका, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. मग चारही चाकांचा जोर पुढची तीन वर्षे लावायचा कुठे? सेक्टरमधल्या स्पीड ब्रेकरवर? ह्यांनी पेट्रोलची गाडी नोंदवली आणि तो प्रिय दांडा सोडून दिला. त्यांच्या मूळ यादीतली एकही वस्तू आली नाही. नवी एकच वस्तू आली, कंपनीचीच दाराखालची पायरी. नऊ महिन्यांच्या पोटाने किंवा टाक्यांच्या अंगाने उंच जीपमध्ये चढायचे, तर विंचपेक्षा तीच कामाची.

जिप्सीतले डोहाळजेवण

आपल्याकडे डोहाळजेवण नावेतले करतात, बागेतले करतात, चांदण्यातले करतात. माझे जिप्सीतले झाले. गाझीपूरच्या फुलबाजारातून झेंडू-शेवंतीच्या माळा आल्या. शेजारच्या पंजाबी, हरियाणवी आणि मल्याळी मैत्रिणींनी पार्किंगमध्ये उभ्या जिप्सीची मखरासारखी सजावट केली. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी घालून मी मागच्या त्याच आडव्या बाकावर बसले. ओटी भरताना आईने गाडीच्या बॉनेटलाही हळद-कुंकू लावले. वाटीखाली बर्फी निघाली की पेढा, ते इथे सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात रामनगरचा एक सफारीवाला आला. कागदपत्रे आणि परवानग्या पूर्ण करून तो जिप्सी घेऊन गेला. ती आता साल वृक्षांच्या जंगलात फिरते. तिच्या आडव्या बाकांना तिथे योग्य माणसे मिळतील.

नवी गाडी दारात आहे आणि खुर्ची तिच्यात बसवलेली आहे. ह्यांनी भिंतीवर नकाशा लावला आहे. त्यावरची पहिली रेघ रुग्णालय ते घर, सहा किलोमीटर. दुसरी, सव्वा महिना झाल्यावर हवा चांगली असेल त्या सकाळी सुलतानपूरच्या पाणपक्ष्यांपर्यंत. गुडगावपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, सपाट रस्ता. तिसरी पानिपतची. १७६१ च्या रणभूमीवर काला आंबच्या स्मारकापाशी दर १४ जानेवारीला मराठी माणसे जमतात. पुढच्या वर्षी त्यांत आम्हीही असू. दिल्लीहून नव्वद किलोमीटर. वाटेत मुरथलला थांबून बाळाचे दूध, आमचे पराठे. स्पिती नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात आहे. तिच्यापर्यंत अजून रेघ ओढलेली नाही, फक्त पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले आहे आणि शेजारी लिहिले आहे, ‘वय वर्षे सहा?’